रिबिल्ट व्हीई डिझेल पंप आणि टायमिंग गेज किट: घरी बसवून, चालवून मग लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. पंप, म्हणजे इंजिनला डिझेल मोजून पुरवणारा, खोलून झिजलेले भाग बदलून परत जोडलेला (रिबिल्ट), चांगला आहे, घ्या. त्याच्यासोबत बंडलमध्ये जे डायल गेज किट (पंपाचं टायमिंग मोजायचं काट्याचं माप) देतात ते मात्र घेऊ नका, गेज वेगळं आणि जरा बरं बघून घ्या. आणि पंपाच्या खोक्यात टेस्ट बेंचचा (पंप मशीनवर चालवून तपासल्याचा) कागद नसेल तर पंप कितीही चकचकीत दिसला तरी परत करा, कारण रिबिल्ट पंपात आपण पैसे मोजतो ते त्या कागदासाठीच, बाहेरून वॉश करून सिल्व्हर रंग मारलेला पंप कुणीही देऊ शकतं.

आता सविस्तर. विक्रेत्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली काही तक्रारी पण आहेत, आणि तसंही या धंद्यात दहा जण तेच काम तशाच पद्धतीने करतात, काय बघायचं ते कळलं की कुणाकडूनही घेता येतो.

माझं इंजिन जुन्या पद्धतीचं, चार सिलेंडर, टायमिंग बेल्टवर फिरणारा बॉश व्हीई टाइपचा मेकॅनिकल रोटरी पंप. कॉमन रेलवाल्यांनी (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नंतरची पद्धत) हा रिव्ह्यू स्वतःला लावून घेऊ नये, तिकडचं गणित वेगळं आहे, तिथे पंपातून धातूचा चुरा सुटला की तो रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन करत टाकीपर्यंत जातो आणि नुसता पंप बदलून काही होत नाही. पहिल्या पिढीच्या कॉमन रेलमध्येच १३५० बार प्रेशर होतं, नंतर २००० च्या वर गेलं. ते घरी खोलायची माझी तरी हिंमत नाही.

व्हीई पंप म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चार सिलेंडरला चार वेगळे प्लंजर नाहीत, एकच प्लंजर आहे, तो गोल पण फिरतो आणि मागेपुढे पण होतो, चार उंचवटे असलेली कॅम प्लेट रोलरवरून फिरते आणि प्रत्येक उंचवट्याला एका सिलेंडरचा वाटा बाहेर पडतो. इंजिनच्या दोन फेऱ्यांत पंपाची एक. आतच एक छोटा व्हेन पंप असतो तो टाकीतून डिझेल ओढतो आणि बॉडीत प्रेशर बनवतो, आरपीएम वाढला की हे आतलं प्रेशर वाढतं आणि त्याच प्रेशरवर अॅडव्हान्सचा पिस्टन सरकून टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, पुढे (लवकर) घेतो. प्लंजर आणि बॅरलमधला गॅप काही मायक्रॉनचा, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. आणि या सगळ्याला ऑइल कोण घालतं तर खुद्द डिझेल. म्हणून पाणी आलेलं किंवा घाण डिझेल म्हणजे या पंपाचं मरण.

गाडीचं दुखणं असं होतं की गरम झाल्यावर सेल्फ मारत बसायला लागायचं, थंडी असताना एका दमात चालू. शिवाय पंपाच्या वरच्या झाकणातून आणि ॲक्सिलेटर लिव्हरच्या शाफ्टपाशी कायम ओलं. ही गरम-स्टार्टची तक्रार आली की मेकॅनिक लोक लगेच पंप गेला म्हणतात, आणि बरेचदा बरोबरही असतात कारण झिजलेल्या प्लंजरमधून गरम पातळ डिझेल गळून जातं आणि सेल्फच्या कमी आरपीएमला पुरेसं प्रेशर बनत नाही. पण पंप हा सगळ्यात महाग पार्ट, म्हणून तो सगळ्यात शेवटी दोषी धरायचा. आधी मी स्वच्छ डिझेलचा कॅन बॉनेटजवळ उंचावर ठेवला, पारदर्शक पाइपने थेट पंपाच्या इनलेटला जोडला, रिटर्न पण त्याच कॅनमध्ये सोडली, म्हणजे टाकी, फिल्टर, लांबची लाइन सगळं बाजूला. पाइपात बुडबुडे नाहीत, तरी गरम झाल्यावर तोच त्रास. मग शटऑफ सोलेनॉइडला (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) थेट बारा व्होल्ट दिले, टक आवाज येतोय. नोझल (इंजेक्टरची डिझेल फवारणारी टोकं) आधीच चेक करून आणलेले होते. तेव्हा कुठे पंपाची ऑर्डर टाकली. तुम्ही पण हे एवढं करा हो, निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम एखाद्या तडकलेल्या रबर पाइपात किंवा फिल्टरच्या ओ-रिंगमध्ये सापडतो, एअर धरत असते आणि बिचारा पंप बदनाम.

सीलबद्दल एक गोष्ट. डिझेलमधलं सल्फर कमी करायला लागले तेव्हा त्या प्रोसेसमध्ये डिझेलचा नैसर्गिक गुळगुळीतपणा पण गेला, तो नंतर ॲडिटिव्ह घालून भरून काढतात, युरोपच्या ईएन ५९० मानकात त्यासाठी घर्षणाची टेस्ट आहे, साठ अंशाला घासून धातूवर चारशे साठ मायक्रॉनपेक्षा मोठा ओरखडा पडता कामा नये. त्याच बदलात जुन्या नायट्राइल रबरच्या सील आकसल्या आणि बरेच जुने पंप जे वर्षानुवर्षं कोरडे होते ते गळायला लागले. म्हणून ऑर्डर करताना एवढंच विचारायचं, आत सील व्हिटॉनच्या (डिझेलला टिकणारं रबर) टाकल्यात का. या विक्रेत्याने लगेच हो सांगितलं आणि पार्टची यादी पण पाठवली, हा एक पॉइंट त्यांच्या बाजूने.

दुसरा पॉइंट, त्यांनी पैसे घ्यायच्या आधी पंपावरच्या पट्टीचा फोटो मागितला. जो विक्रेता फक्त गाडीचं मॉडेल विचारतो त्याच्याकडून घेऊ नका. पट्टीवर समजा व्हीई ४/९ एफ २२५० आर असं काहीतरी लिहिलेलं असतं. चार म्हणजे सिलेंडर, नऊ म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे वजनांवर चालणारा मेकॅनिकल गव्हर्नर (आरपीएम आवरणारा भाग), पुढचा आकडा पंपाचा आरपीएम आणि शेवटचा आर किंवा एल म्हणजे पंप कुठल्या दिशेला फिरतो. दिसायला सेम टू सेम दोन पंप असतात आणि एक उजवा एक डावा, किंवा एक बिनटर्बो इंजिनचा आणि एक टर्बोचा. खाली ०४६० ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो, तो एकेक आकडा जुळवायचा. माझा जुळला.

खोकं उघडल्यावरचं इम्प्रेशन चांगलं. प्रत्येक तोंडाला घट्ट प्लास्टिकचं बूच, आत टेस्ट ऑइल भरलेलं, फुल लोडच्या (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या) स्क्रूला सील. शाफ्ट हाताने फिरवून बघितला तर कॅमच्या उंचवट्यापाशी अडतो आणि मग टुणकन पुढे उडी मारतो, चार ठिकाणी, चारही सारख्या जोराने. हे नॉर्मल आहे, अडतो म्हणून घाबरू नका, उलट एखाद्या ठिकाणी अडला नाही तर घाबरा. शाफ्ट वरखाली हलवून बघितला, बुशमध्ये अजिबात खेळ नाही. माझ्या जुन्या पंपात तो बोटाला जाणवत होता आणि तिथून सील कितीही वेळा बदला, गळणारच.

आणि तो कागद. टेस्ट शीटवर पंपाचा नंबर, आतलं प्रेशर वेगवेगळ्या आरपीएमला किती, अॅडव्हान्स पिस्टन किती मिलिमीटर सरकला, आयडलला आणि फुल लोडला हजार स्ट्रोकला किती सीसी डिझेल, चार आउटलेटमध्ये फरक किती, आणि कोणत्या आरपीएमला गव्हर्नर डिझेल तोडतो. प्रत्येक ओळीत कंपनीची लिमिट आणि शेजारी या पंपाचं खरं रीडिंग. हे रीडिंग लिमिटच्या आत पण एकमेकांपासून थोडे वेगळे होते, म्हणजे खरंच मोजलेत. एका ओळखीच्याला दुसरीकडून आलेल्या पंपाच्या शीटवर सगळे आकडे नेमके लिमिटच्या मधोमध होते, असा कागद झेरॉक्स काढूनच भरलेला असतो.

नाराजी इथून सुरू. खोक्यात तांब्याचे वॉशर नाहीत. पुलीचा नट नाही. वुडरफ की (पुली शाफ्टवर अडकवणारी अर्धगोल चकती) नाही. आणि सगळ्यात राग आला तो म्हणजे दोन बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं) एकाच पुडीत टाकलेले, वर काही लिहिलेलं नाही. ज्याला माहीत नाही त्याची हमखास वाट लागणार, कारण हे दोन बोल्ट एकसारखे दिसले तरी एक नाहीत. इनलेटच्या बोल्टला मोठी भोकं असतात. रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर आउट असं कोरलेलं असतं आणि त्यात सुईच्या टोकाएवढं बारीक भोक असतं, उजेडात धरून बघितलं तरच दिसतं. त्या बारीक भोकामुळेच पंपाच्या आत प्रेशर टिकतं. अदलाबदल झाली की इनलेट गुदमरतं आणि आतलं प्रेशर रिटर्नमधून पळून जातं, मग गाडी एकतर चालूच होत नाही किंवा चालू होऊन उचलत नाही आणि माणूस नवा पंप खराब निघाला म्हणून विक्रेत्याशी भांडत बसतो. एवढं माहीत असलेल्या लोकांनी ते दोन बोल्ट पंपावर जागच्या जागी लावून पाठवायला काय हरकत होती.

सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल न बोललेलं बरं. चार ओळी, त्यातल्या दोन वॉरंटी कशी मिळणार नाही याबद्दल.

आता बसवणं घरी जमतं का. ज्याने स्वतःच्या हाताने टायमिंग बेल्ट बदललाय त्याला जमतं. ज्याने नाही त्याने पंपापासून सुरुवात करू नये, कारण यातली बरीचशी इंजिनं अशी आहेत की बेल्ट काही दात चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग पंपाचा खर्च हसत हसत केला असता असं वाटायला लागतं. मॅन्युअल हवंच, तुमच्या इंजिनचं, कुणाच्या तरी व्हिडिओतलं नाही.

पंप काढायच्या आधी आजूबाजूचा सगळा भाग धुऊन घ्या. मी डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, हवा मारून मगच पहिला नट सोडला. इंजेक्टरच्या पाइपांचे नट सोडताना दोन पाने, एकाने पंपाच्या बाजूचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर धरायचा आणि दुसऱ्याने नट, नाहीतर होल्डरच सुटून येतो. पाइप चारही एकत्र, क्लिपांसकट काढा, वाकवू नका, त्यांची लांबी सारखी ठेवलेली असते ती उगाच नाही. सुटलं की लगेच प्रत्येक तोंडाला बूच, दोन्ही बाजूंना. नवीन पंपाची बुचं काढून जुन्याला लावायची म्हणून शोधत बसू नका, दोन सेट ठेवा. फडकं कोंबायचं नाही, धागा आत गेला की संपलं. आणि खाली अल्टरनेटर, बेल्ट, पाण्याचे पाइप प्लास्टिकने झाका, डिझेल रबराला फुगवतं आणि अल्टरनेटरला तर आवडतच नाही.

बेल्ट काढायच्या आधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणायचा, नुसती फ्लायव्हीलची खूण जुळून भागत नाही, ती दोनदा जुळते, एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघायचं. मग कॅमशाफ्ट लॉक करायचा, पंपाच्या पुलीला पिन. आणि ही पिन फक्त जागा दाखवायला आहे. पुलीचा नट सोडताना त्या पिनच्या भरवशावर जोर लावला की पिन तरी वाकते नाहीतर पुली तरी तडकते, पुली वेगळ्या टूलने धरायची. हेच एक टूल मी आधीपासून जपून ठेवलंय, साधी लांब पट्टी आणि दोन बोल्ट, पण कामाची.

पुली शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसलेली असते आणि ती नट काढल्यावर सहज निघत नाही. पुलर लावायचा, ताण द्यायचा, आणि नट पूर्ण काढायचा नाही, शेवटच्या काही आट्यांवर ठेवायचा कारण पुली सुटते तेव्हा बंदुकीसारखा फाड आवाज करून सुटते. शाफ्टवर हातोडी नको म्हणजे नकोच, आत कॅम प्लेट आणि रोलर बसलेत. माझी बऱ्यापैकी चिकटलेली होती, पुलरवर ताण ठेवून थोडा वेळ तसंच सोडलं आणि मी दुसरं काम करत असताना ती आपली आपण सुटली.

इथे एक इशारा, पुढच्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक व्हीई पंपांसाठी, म्हणजे व्हीपी ३७ वगैरे. त्यात पुली तीन बोल्टांवर हबला असते आणि मधला मोठा नट बघून हात शिवशिवतात. तो सोडायचा नाही. कारखान्यात हब आणि शाफ्टचं नातं सेट केलेलं असतं, तो नट ढिला केला की ते गेलं आणि घरी परत मिळत नाही. फक्त बाहेरचे तीन बोल्ट. त्या पंपांचं टायमिंग शेवटी स्कॅनरवर बघावं लागतं, डायल गेजवर नाही.

नवीन पंप बसवणं म्हणजे उलट क्रम. वुडरफ की नीट खाचेत बसली का बघा, नवी की घ्या, स्वस्त असते. शाफ्टचं टोक आणि पुलीचं भोक दोन्ही कोरडं, ऑइल पुसून. पंपाचे माउंटिंग बोल्ट लांबट खाचेत असतात ते फक्त हाताने आवळून ठेवायचे कारण टायमिंगला पंप फिरवायचाय. बेल्ट आणि टेन्शनर नवीन, एवढं सगळं खोललंय तर जुना बेल्ट परत चढवणाऱ्याशी मी वाद घालत नाही. मग इंजिन हाताने पान्याने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं, कुठे अडलं तर थांबायचं, जोर नाही लावायचा, आणि सगळ्या खुणा परत जुळल्या का बघायच्या.

आता गेज किट, ज्याच्यावर मला खरा राग आहे. पंपाच्या मागच्या बाजूला, चार पाइपांच्या मधोमध एक छोटा प्लग असतो. तो काढून तिथे ॲडाप्टर लावायचा, त्यात डायल गेज, आणि त्याची कांडी थेट प्लंजरला टेकते. गेजला दीड-दोन मिलिमीटर आधीच दाबून बसवायचं. मग इंजिन हळूहळू उलटं फिरवायचं, काटा मागे येत येत एका जागी थांबतो, म्हणजे प्लंजर सगळ्यात खाली आला, तिथे शून्य. मग सुलट दिशेने टीडीसीच्या खुणेपर्यंत यायचं आणि काटा किती सरकला ते वाचायचं. हीच लिफ्ट. बऱ्याच जुन्या इंजिनांत हा आकडा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमचा नेमका किती ते मॅन्युअलमध्ये बघायचं, तिथे शतांश मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. खूण ओलांडली तर तिथल्या तिथे मागे घेऊन वाचायचं नाही, परत बरंच मागे जाऊन सुलट दिशेने यायचं, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा रीडिंगमध्ये मिसळतो. कोल्ड स्टार्टची केबल असेल तर ती आत दाबलेली हवी, तो लिव्हर टायमिंग पुढे ढकलतो आणि ओढलेला राहिला तर सगळं रीडिंग खोटं.

एवढ्या नाजूक कामासाठी बंडलमधलं गेज काय देतं, तर अडकणारा काटा. बोटाने हळूच दाबून सोडला तर परत त्याच जागी येत नाही, दर वेळी दोन-तीन शतांशचा फरक. ॲडाप्टरमध्ये गेजची दांडी धरायचा स्क्रू इतका कच्चा की पाना हलला की गेजच सरकतं. आणि कांडी एकाच लांबीची, माझ्या पंपाला ती पुरली पण पुरेलच असं नाही. ॲडाप्टरचे आटे मात्र बरोबर होते, म्हणून मी ॲडाप्टर तेवढा वापरला आणि गेज माझं जुनं लावलं. किटवर लिहिलंय प्रोफेशनल. असो.

चांगलं गेज लावल्यावर हे काम खरं म्हणजे मजेशीर आहे. पंप किंचित इंजिनकडे ढकलला की काटा एका बाजूला, बाहेर ओढला की दुसऱ्या बाजूला. आकडा मिळाला की बोल्ट आवळायचे, आणि आवळताना काटा परत हलतो, हमखास. बोल्ट एक एक करून फुल टाइट केले की पंप त्या बाजूला वळतो. सगळे थोडे थोडे, आलटून पालटून, आणि मागचा सपोर्ट ब्रॅकेट शेवटी, पण त्याचाही बोल्ट आवळल्यावर परत एकदा रीडिंग. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा रीडिंग. सारखं आलं की मग प्लग नवीन वॉशर टाकून बंद.

काही जण म्हणतात की जुन्या पंपाच्या बॉडीवर आणि ब्रॅकेटवर छिन्नीने रेघ मारा आणि नवीन पंप त्या रेघेवर बसवा, गेज कशाला. त्याच पंपाला काढून परत बसवायचा असेल तर एकवेळ ठीक, गाडी चालू होईल. पण दुसऱ्या पंपाच्या आतली कॅम आणि रोलर त्याच जागी असतील याची गॅरंटी रेघ देत नाही. टायमिंग जास्त पुढे गेलं तर इंजिन थंडीत खणखण करतं, पिकअप चांगला वाटतो म्हणून लोक खूश होतात आणि तिकडे पिस्टन, हेड गॅस्केट सोसत असतात. मागे राहिलं तर पांढरट धूर, डोळ्यात जाणारा, गाडी जड आणि एक्झॉस्ट गरम.

एअर काढताना विक्रेत्याच्या पत्रकात फक्त "प्राइम करावे" एवढंच आहे. तर प्राइम म्हणजे, पंप कोरडा फिरवायचा नाही, इनलेटमधून स्वच्छ गाळलेलं डिझेल हळूहळू भरायचं, आणि हँड पंप असेल तर रिटर्नमधून बुडबुडे थांबेपर्यंत मारायचा. मग इंजेक्टरच्या बाजूचे चारही नट एक-दोन आटे ढिले, दहा-पंधरा सेकंद सेल्फ, मग विश्रांती, सेल्फची मोटर तापते. एकेका नटापाशी फेस येतो, मग डिझेल पिचकारतं, की तो आवळायचा. बॅटरी फुल चार्ज हवी, या कामात बॅटरीच आधी दमते. ईथरचा पेट घेणारा स्प्रे मारून चालू करायचं खूळ नको, विशेषतः ग्लो प्लगवाल्या (थंड इंजिन तापवणारे प्लग) इंजिनात.

आणि इथे हात लांब ठेवा, हे मी ओरडून सांगतोय असं समजा. जुनं नोझलसुद्धा शे-सव्वाशे बारच्या पुढेच उघडतं. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत जाते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात जायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी हळद-मलम नाही, सरळ हॉस्पिटल, आणि डॉक्टरला हाय प्रेशर डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा. पहिल्यांदा चालू करताना शेजारी एक सपाट फळी पण ठेवा, चावी बंद करूनही इंजिन थांबलं नाही आणि आरपीएम चढत गेला तर एअर इनटेकचं तोंड फळीने बंद करायचं, हाताने नाही.

चालू झाल्यावर काय. पहिला मिनिटभर मिसिंग मारलं, खोकल्यासारखं केलं, थोडा पांढरा धूर, मग एअर निघून गेली आणि आयडल स्थिर. आयडल जरा जास्त होता तेवढा स्क्रूने कमी केला. फुल लोडच्या सीलबंद स्क्रूला हात लावलेला नाही, तुम्हीही लावू नका, तो बेंचवर सेट केलाय आणि त्याचा पाव आटा म्हणजे काळ्या धुराची सोय. गरम इंजिनला सेल्फ लागला की अर्ध्या फेरीत पकडतं, जे मी जवळपास विसरलोच होतो. खालच्या आरपीएमला ओढ सुधारली, वरची ओढ होती तशीच आहे, जे लोक पंप बदलून पॉवर वाढेल म्हणून वाट बघतात त्यांची निराशा होईल, पंप फक्त होतं ते परत देतो. आवाज आधीपेक्षा थोडा कडक आहे, जुन्या पंपाचं टायमिंग झिजून मागे गेलेलं होतं त्यामुळे कान त्याला सरावले होते. पंप बाहेरून कोरडा खटखटीत, झाकणापाशी, लिव्हरपाशी, पुढच्या सीलपाशी कुठेच ओल नाही, आणि आता त्याच्यावर बराच काळ गाडी पळाली आहे, लांबच्या चढासकट.

एक बारीक तक्रार राहिली, ॲक्सिलेटर लिव्हर शाफ्टवर एक दात पुढे बसवून आला होता. केबलचा ॲडजस्टर पुरला म्हणून मी तो काढला नाही, पण शाफ्टच्या दातांवर जुन्या पंपाशी खूण जुळवून बघितल्याशिवाय लिव्हर काढायला जाऊ नका, आतल्या गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण त्यावर ठरतो.

तर मार्क द्यायचे झाले तर पंपाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या दोन बोल्टांच्या पुडीचा कापला. गेज किटला एक, तो पण ॲडाप्टरचा. माहितीपत्रकाला शून्य. फोनवर बोलणारा माणूस मात्र जाणकार होता, लिफ्टचा आकडा विचारला तर आधी इंजिन कोड विचारला, मगच बोलला.

जुना पंप परत पाठवायचा असतो, त्याचं डिपॉझिट आधी कापून घेतात. पाठवताना डिझेल पूर्ण काढा नाहीतर कुरियरवाला खोकं घेत नाही, बुचं सगळी लावा, आणि पट्टीचा नंबर आणि पूर्ण पंप चारही बाजूंनी दिसेल असे फोटो काढून ठेवा, कारण बॉडी तडकलेली किंवा शाफ्ट मोडलेला असेल तर डिपॉझिट कापतात. माझं पूर्ण परत आलं, पण दोनदा आठवण करावी लागली. शटऑफ सोलेनॉइड जुन्या पंपावर चांगला असेल तर पाठवायच्या आधी विचारून घ्या, त्यांना तो लागतोच असं नाही, आणि स्पेअर म्हणून गाडीत ठेवायला तो सोन्यासारखा आहे.